मागशील तेव्हाच नकाशा

खंडू यंत्रमानव जागा व्हायचा, त्याचा दिवा लुकलुकायचा आणि तो पुन्हा मान टाकायचा. मृण्मयी त्याचं बटण पुन्हा पुन्हा दाबत होती. चंद्रावरच्या त्यांच्या तळाशेजारच्या गुहेत दरड कोसळून तिचे बाबा अडकले होते. त्यांची हवा संपत आली होती आणि त्या अरुंद भुयारांतून जाऊ शकेल असा एकटा खंडूच होता.

"असं का होतंय गं, आत्या?"

खंडूची आज्ञावली (यंत्राने काय करायचं ते सांगणाऱ्या सूचना) सुलभाआत्यानेच लिहिली होती. तिने कपाळावर हात मारला. "ऐनवेळी धांदल नको म्हणून सगळं आधीच करून ठेवायची माझी खोड! जागा होताच हा जुन्या मोजणीवरून गुहेतल्या हजारो दालनांचे नकाशे बांधायला बसतो. त्याची स्मृती (माहिती साठवायची जागा) तिथेच भरते."

"मग नकाशे काढूनच टाक ना!"

"वाट कशी सापडेल मग? बरं, आजी सगळ्यांचे फुलके सकाळीच लाटून ठेवते का?"

"छे! माणूस पानावर बसला की तव्यावरून थेट ताटात."

"तसंच करू. नकाशांचा संग्रह (एकाच प्रकारच्या वस्तू ठेवायची जागा) आधी रिकामाच ठेवायचा. खंडूने एखाद्या दालनाचा नकाशा पहिल्यांदा मागितला, की तेवढाच बांधायचा."

आत्याची बोटं भराभर चालली. खंडू उठला आणि निघाला. पण थोड्याच वेळात पडद्यावरचा त्याचा ठिपका एकाच दालनात घिरट्या घालू लागला. मृण्मयीला रडू फुटलं. डोळे पुसत ती पडद्याला नाक लावून बघत राहिली.

"आत्या, बंद वाटेवर तो फुली मारतो, पण परत आला की फुली गायब! दर वेळी नवा कोरा नकाशा बांधतोय तो!"

"अगं बाई! बांधलेला ठेवून द्यायला सांगायचंच राहिलं."

आत्याने सूचना बदलली. आधी संग्रहात बघ. नकाशा असेल तर तोच घे. नसेल तरच बांध आणि लगेच तिथे ठेव.

फुल्या आता टिकू लागल्या. ठिपका एकेक बंद वाट टाळत खोल सरकला आणि थांबला.

"माणूस सापडला. हवेची नळी जोडली," खंडू म्हणाला. मागोमाग बाबांचा दमलेला आवाज आला. "मनू, किती सुंदर आहे गं ही गुहा! खंडूने अजून थोडीशीच पाहिलीय. उरलेली तू नि मी बघू."

"आधी बाहेर या!" मृण्मयी रडत रडतच ओरडली.