पप्पांच्या जीपचं तेल कोण पितं?

"आला! तेलचोर आला!" आयुष कुजबुजला.

राखीने झुडपाआडून मान वर काढली. जीपकडे कोणीतरी येत होतं खरं, पण ते होतं पलीकडच्या लंकाबाईंचं करडू!

"गप रे!" शेजारची सई वैतागली. "सकाळपासून मांजर झालं, कोंबडी झाली, आता हे!"

राखीला हसू आलं नाही. संध्याकाळी गोटीरामशेठ जीप न्यायला येणार होते. जीप गेली की पप्पा सुरतेला ट्रकवर जाणार आणि घरी येणार ते थेट दिवाळीला! याच जीपमधून ते मजूर बायांना दिंडोरीच्या द्राक्षबागांत पोचवायचे. पण हल्ली जीप निळा धूर ओकत होती. पप्पा रोज सकाळी इंजिनातलं तेल बघत, कमी दिसलं की डब्यातून ओतत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कमीच! गॅरेजवाल्या गोटीरामशेठनी तर बॉनेट न उघडताच सांगून टाकलं होतं, "इंजिन खलास. भंगारात काढा, मीच घेतो."

देवळाली कॅम्पहून सुट्टीला आलेल्या आयुषला, राखीच्या मामेभावाला, पक्कं वाटत होतं की तेल कोणीतरी चोरतंय. म्हणून तर त्यांनी काल तेलाच्या झाकणाला दोरा बांधला होता. तो जसाच्या तसा होता. जीपखाली तेलाचा थेंबही नव्हता. तरी आज सकाळी तेल मोजायची पट्टी काढून बघितली आणि पप्पांनी कपाळाला हात लावला.

"पण आधी असं कुठे व्हायचं?" राखी म्हणाली. "जुन्या घरी तेलाचा डबा कधी लागायचाच नाही. हे सगळं आपण इथे राहायला आल्यापासून!"

इथे म्हणजे पांडवलेण्यांच्या डोंगराजवळची ही वसाहत. घरापुढचा रस्ता असा चढाचा, की जीप नाक वर करून उभी असायची आणि मागच्या चाकांना दगड लावावे लागायचे.

आयुषने जीपपाशी जाऊन घटाघटा पाणी प्यालं आणि अर्धी उरलेली बाटली झाकण लावून बॉनेटवर आडवी टाकली. ती घसरली. राखीने ती तिथेच आडवी दाबून धरली, आणि बघतच राहिली. सगळं पाणी मागे जमलं होतं, पुढचं टोक कोरडं!

"सई! तेलाची पट्टी इंजिनात कुठे असते?"

"पुढच्या बाजूला... अगं बाई!"

तिघंही पळत घरात शिरली. पप्पा कपड्यांची बॅग भरत होते. राखीने धापा टाकत सगळं सांगितलं, "चढावर तेल मागे जातं, पट्टीला कमी दिसतं, आणि तुम्ही रोज उगाच ओतता!" पप्पा भडकलेच.

"तू जन्मायच्या आधीपासून गाडी चालवतोय मी! मला तेल बघायला शिकवते? शेठला शब्द दिलाय, विषय संपला!"

बाहेर हॉर्न वाजला. गोटीरामशेठ आलेसुद्धा! पप्पांनी किल्ली उचलली.

"पप्पा," ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "जीपबरोबर शेवटचा एक फोटो तरी! खालच्या मैदानात. इथे चढावर सगळे वाकडे दिसू."

पप्पांचा चेहरा मऊ झाला. "बरं. पण एकच."

जीप धूर सोडत सपाट मैदानात आली. इंजिन बंद झालं.

"आता इंजिन चालताना वर चढलेलं तेल खाली उतरू दे," राखी सईच्या कानात पुटपुटली. "वेळ काढ!"

सईने मोबाइल सरसावला. "शेठकाका, डोळे मिटले तुम्ही! पुन्हा! आता राखीचे पप्पा हसले नाहीत! आयुष, शिंगं काढू नकोस!"

"आवरा की! मला लय कामं हायेत!" शेठ खेकसले आणि थेट जीपमध्ये चढले. त्यांनी किल्लीला हात घातला.

आता नाही तर कधीच नाही! राखीने बॉनेट उघडलं, पट्टी ओढली, फडक्याने पुसली, पुन्हा घातली आणि बाहेर काढून पप्पांपुढे धरली. "पप्पा, वरची खूण कुठे? आणि तेल कुठे?"

पप्पांनी पट्टी जवळ घेऊन बघितली. तेल खुणेच्या कितीतरी वर होतं.

शेठ खाली उतरून वाकले. "आयला! एवढं तेल? मग ते फेसाळून जळणारच की! अन् धूर बी होणारच!"

"तुम्ही बघितलं नव्हतं का, शेठकाका?" सईने गोडपणे विचारलं.

मग शेठनीच लगबगीने पाना मागवून जादाचं तेल खुणेपर्यंत काढलं. पप्पांनी जीप सुरू केली. भस्सकन निळा लोट उठला! राखीने डोळे गच्च मिटले.

"घाबरू नको, आधीचं साठलेलं जळतंय," शेठ म्हणाले. "हायवेला एक चक्कर मारून येऊ."

चक्कर मारून जीप परतली तेव्हा धूर जवळजवळ नाहीसा झाला होता!

"यादवभाऊ, इंजिन अजून चांगलं हाय," शेठ ओशाळून पप्पांना म्हणाले. "मी न बघताच बोललो. पोरं हुशार निघाली!"

तेवढ्यात पप्पांचा फोन वाजला. सुरतेहून होता.

"नाय जमणार, साहेब," पप्पा म्हणाले. "गाडी दुरुस्त झाली. माझ्या पोरीनं केली."

फोन ठेवून त्यांनी पट्टी पुसायचं फडकं राखीच्या खांद्यावर टाकलं.

"उद्यापासून तेल तू बघायचं. अन् जीप इथंच, सपाटीवर लावू."