झोपेत दात खाणारा माणूस

तो दवाखान्यात शिरला तेव्हा बाहेर पाऊस भुरभुरत होता आणि त्याचा उजवा गाल त्याच्याच तळहातात होता, सोडला तर खाली पडेल अशा बेताने धरलेला. अपॉइंटमेंट नव्हती. काउंटरवर डॉक्टरची आत्या बसायची. तिने चष्म्यावरून बघत आज अजिबात जागा नाही म्हणून सांगितलं. माणूस वाद घालणाऱ्यांतला दिसत होता, पण वाद घालायला तोंड उघडावं लागतं… आणि नेमकं तेच जमत नव्हतं. तो नुसता कण्हला. आत्या विरघळली.

आत दातांची डॉक्टर दोन पेशंटांच्या मधल्या उसंतीत मोबाइलवर भराभर टाइप करत होती. गाल तापलेले, भुवया एकमेकींना भिडलेल्या. मेसेज पाठवून तिने मोबाइल खणात टाकला, मास्क चढवला आणि वळली. त्याच क्षणी खुर्चीत टेकलेल्या त्या माणसाच्या खिशात टुणकन काहीतरी वाजलं. त्याने मोबाइल काढून वाचला, जबडा करकचून आवळला, आणि मग दुखऱ्या दाढेची आठवण होऊन कळवळला.

दाढेला उभी चीर गेली होती. डॉक्टरने हलकेच ठोकून पाहिलं, एक्स-रे काढला आणि विचारलं, "झोपेत दात खाता का?"

त्याला ठाऊक नव्हतं. एकटा राहायचा, ऐकणार कोण? कामाचा काही ताण? तसाही नाही, तो म्हणाला. काम पूल तपासायचं. हातोडीने ठोकायचं, कान देऊन ऐकायचं, कुठे पोकळ वाजतंय ते नोंदवायचं. पूल उलट बोलत नाहीत, त्यामुळे कामावर तसा आनंदच असतो. मग घरी काही? त्यावर तो जरा घुटमळला.

"एक बाई आहे," तो म्हणाला.

"बायको?" डॉक्टरने गरजेपेक्षा जरा लवकरच विचारलं.

"छे. मी तिला कधी बघितलेलंही नाही. वस्तीच्या ग्रुपवर आहे. स्वतःला 'शांत सरोवर' म्हणवते… आणि रोज पूर येतो तिला."

डॉक्टरच्या हातातला छोटा आरसा हवेतच थबकला. कारण शांत सरोवर म्हणजे ती स्वतः होती.

वस्तीचा तो ग्रुप खरं तर चांगला प्लंबर कोण आणि पाणी कधी येणार, एवढ्यासाठीच निघाला होता. मग एका बाईंचं मांजर हरवलं, सापडलं, आणि त्यांनी आनंदाने लिहिलं की प्रार्थनेला यश आलं. खाली 'पुरावा द्या' या नावाच्या कुणीतरी विचारलं की मांजर प्रार्थनेने आलं की भुकेने. झालं. तेव्हापासून तिथे देव आहे की नाही याचा रोज निकाल लागत होता आणि रोज अपील होत होतं. एका बाजूचं सेनापतिपद आपसूक शांत सरोवराकडे आलं, दुसरीचं पुरावा द्याकडे. त्याने सकाळीच लिहिलं होतं की श्रद्धा ही मेंदूला दिलेली भूल आहे. आणि तिने आत्ता, दोन पेशंटांच्या मधे, उत्तर धाडलं होतं.

"ऐका, काय लिहिलंय," तो मोबाइल डोळ्यांसमोर धरून म्हणाला. "'देव करो आणि भूल न देता कुणीतरी तुमची दाढ उपटो.' काय बाई आहे… हिला माझी दाढ दुखतेय हे कळलं कसं?"

मास्कच्या आत डॉक्टरचे गाल लाल झाले आणि मास्कबाहेर कानसुद्धा. त्या दिवशी तिने इतक्या हळुवार हाताने भूल दिली की, सुई टोचून झाली तरी तो डोळे मिटून सुई टोचायची वाट बघत होता.

तिने काही सांगितलं नाही. पेशंट घाबरलेला आहे, आधी दाढ वाचवू, असं तिने मनाला समजावलं. रूट कॅनल म्हणजे त्याला पुन्हा पुन्हा यावं लागणार होतं, आणि ही गोष्ट आपल्याला एवढी का आवडली याचा तिने विचार करायचं टाळलं.

मग त्या बैठका सुरू झाल्या. तोंडात कापसाचे बोळे असलेला माणूस फक्त "आं" म्हणू शकतो. ती काहीतरी विचारायची आणि तो चूळ भरायला उठेपर्यंत उत्तराची वाट बघायची. ग्रुपवर त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिचं उत्तर तयार असायचं. इथे तो थांबून, गाल चाचपत, अर्ध्या बधिर ओठांनी सावकाश बोलायचा आणि तिला ऐकावंच लागायचं. तो मजेशीर होता. पुलांना त्याने नावं ठेवली होती. एका जुन्या पुलाला तो 'काकू' म्हणायचा, कारण ती कुरकुरते फार पण कुणाला पडू देत नाही. एकदा तो बोलता बोलता थांबला आणि तिच्याकडे बघत राहिला.

"काय झालं?" तिने विचारलं.

"तुम्ही हसता तेव्हा नुसते डोळेच दिसतात," तो म्हणाला. "बाकीचं काय होतं, याचा मी… अंदाज करत होतो."

"तपासणी दातांची चाललीय. तुमच्या."

"तीच तर अडचण आहे."

तिने त्याला तोंड उघडायला सांगितलं, कारण दुसरा काही उपाय नव्हता.

ग्रुपवर मात्र विचित्र प्रकार घडत होता. शांत सरोवर थंडावलं. पुरावा द्या तर दिवसदिवस फिरकेना. आत्या काउंटरवर ही भांडणं चवीने वाचायची, दोन्ही पक्षांचे ठोसे तिला सारखेच आवडायचे, त्यामुळे ती हिरमुसली. आणि ती एकटीच नव्हती. तिकडून श्रद्धावान मंडळी डॉक्टरला धीर देणारे मेसेज पाठवू लागली, इकडून शंकेखोर मंडळी त्याला आयते मुद्दे पुरवू लागली. तेव्हा डॉक्टरच्या ध्यानात आलं की इतके दिवस ती त्याच्याशी बोलतच नव्हती. आपल्या मागे उभ्या असलेल्या गर्दीला टाळ्या वाजवता याव्यात, म्हणून ती त्याच्या दिशेने तोंड करून ओरडत होती. तोही तेच करत असणार.

एका बैठकीत तिने सहज आवाज ठेवून विचारलं की त्या बाईंचा तुम्हाला एवढा राग का? लोक काहीबाही लिहितातच.

तो चूळ भरून परत टेकला. मग त्याने सांगितलं… तो लहान असताना त्याची आई आजारी होती. घर माणसांनी भरलेलं असायचं, सगळे प्रार्थना करायचे, तोही करायचा, डोळे दुखेपर्यंत मिटून. आई गेली. तेव्हा त्याच्या मोठ्या काकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून, अगदी मायेने, म्हटलं होतं की बाळा, तुझी श्रद्धा कमी पडली. त्याचं वय असं होतं की त्याला ते खरं वाटलं. कितीतरी वर्षं खरं वाटत राहिलं.

"आणि ती बाई मांजराच्या त्या भांडणात लिहून गेली," तो म्हणाला, "ज्यांचं हरवलेलं परत येत नाही, त्यांची श्रद्धा कमी पडते. ती मांजराबद्दलच बोलत होती, कळतं मला. पण हात आपोआप चालायला लागतो माझा."

डॉक्टरने हातातली सुई ट्रेमध्ये ठेवून दिली. बाकीचं काम पुढच्या वेळी करू, असं ती कसंबसं म्हणाली आणि तात्पुरती कॅप बसवून दिली.

संध्याकाळी तिने आत्यापुढे सगळं ओकून टाकलं. आत्या थक्क झाली. आपण ज्यांचं भांडण इतके दिवस चवीने वाचतोय त्यांतला एक आपल्या काउंटरवर पावती घेतो आणि दुसरी आपल्या घरात जेवते, हे तिला झेपायला वेळ लागला. डॉक्टर म्हणाली, पुढच्या वेळी त्याला खुर्चीत बसवून सांगून टाकते.

"तोंडात बोळे असताना सांगू नकोस," आत्या म्हणाली. "त्याला उलट बोलायची सोय ठेव."

म्हणून तिने त्याला खुर्चीत बसवलंच नाही. तो आला, केस पावसाने ओले, नवा शर्ट, आणि दारातूनच म्हणाला की दाढ झाली की एकदा कॉफी प्यायला याल का, मास्कशिवाय. डॉक्टरने तिथेच मास्क उतरवला. तो बघतच राहिला.

"शांत सरोवर मी आहे," ती म्हणाली.

तो आधी हसला. मग तिचा चेहरा बघून थांबला.

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

ती भराभर बोलत गेली. श्रद्धा कमी पडण्याचं ते वाक्य तिने विचार न करता लिहिलं होतं. तिचा त्यावर विश्वासही नव्हता, फक्त टोचणारं काहीतरी हवं होतं. कारण आदल्या दिवशी त्याने लिहिलं होतं की प्रार्थना म्हणजे स्वतःशीच बडबडणं, आणि अशा माणसांना डॉक्टरकडे न्यायला हवं. तिचे बाबा पक्षाघाताचा झटका आल्यापासून बोलत नव्हते. तिचं नाव घेता येत नव्हतं, पाणी मागता येत नव्हतं, हो-नाहीसुद्धा म्हणता येत नव्हतं. फक्त संध्याकाळची प्रार्थना तेवढी ते शब्दन् शब्द म्हणायचे. तेवढाच त्यांचा आवाज घरात उरला होता. "त्याला तुम्ही बडबड म्हणालात," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत नव्हतं, पण… मलाही तुमचं काही माहीत नव्हतं."

त्याने जबडा करकचून आवळला. तो दारात उभा होता तसाच वळला आणि पावसात निघून गेला.

रात्रीच्या जेवणाआधी ग्रुपवर मेसेज आला. पुरावा द्याने लिहिलं होतं, "प्रार्थनेबद्दल मी जे लिहिलं ते मागे घेतो. देवाबद्दलचं मत तेच आहे. पण लिहिताना पलीकडे माणूस आहे याचं भान नव्हतं." शांत सरोवराने खाली लिहिलं की श्रद्धा कमी पडते हे वाक्य चूक होतं, क्रूर होतं, तेही मागे घेते.

ग्रुपवर हाहाकार उडाला. तो विकला गेला असं काहींचं मत पडलं, तिची मती फिरली असं काहींचं. एकाने दोन्ही अकाउंट चोरीला गेल्याचा इशारा दिला. शिव्या घालायला दोन्ही पक्ष पहिल्यांदाच एकत्र आले. या गदारोळात कुणीतरी विचारलं की मूळ मांजराचं काय झालं, तर त्या बाई म्हणाल्या, घरीच आहे, जाड झालंय, तुम्ही कुणी चौकशीच केली नाहीत.

तो मात्र आला नाही. दाढेचं राहिलेलं काम करायचा दिवस उलटून गेला. डॉक्टर टुणकन काही वाजलं की दचकायची, आणि आत्या तिच्याकडे न बघता पावत्या नीट करत बसायची. मग एका दुपारी काउंटरवर रुमालात गुंडाळलेली तात्पुरती कॅप ठेवत तो उभा राहिला.

"काही चिकट खाल्लं होतं?" डॉक्टरने विचारलं.

"नाही. ग्रुप वाचत होतो." थोडा थांबून तो म्हणाला, "रागावलो होतो. मग लक्षात आलं, रागावलो आहे ते सांगायला मला तुम्हीच हव्या आहात. म्हणजे पंचाईतच."

त्या दिवशी दाढेचं राहिलेलं काम पुरं झालं, पुढच्या खेपेला पक्की कॅप बसली. कॉफी झाली. नंतर त्याने बाबांना भेटता येईल का म्हणून विचारलं, आणि आला तो येतच राहिला. बोलता न येणाऱ्या माणसाशी लोक उगीच मोठ्याने बोलतात. तो तसं करायचा नाही. बाबांना पेपर वाचून दाखवायचा, काकू पुलाची तब्येत सांगायचा. बाबा त्याची वाट बघू लागले. प्रार्थनेच्या वेळी तो उठून गॅलरीत जायचा, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

एका संध्याकाळी डॉक्टरला यायला उशीर झाला. ती दारात पोचली तेव्हा आतून बाबांचा आवाज येत होता. "दिवस दिलास, तो संपला…" आणि तिथेच अडला. पुन्हा तेच शब्द, पुन्हा तिथेच. असं याआधी कधी झालं नव्हतं. बाबांचा श्वास वर चढलेला ऐकू आला आणि ती चप्पल न काढता आत धावणार, तेवढ्यात दुसरा आवाज आला, दबका, संकोचलेला.

"जे चुकलं ते पोटात घे…"

बाबांनी ती ओळ पकडली. पुढचं सगळं शेवटपर्यंत नीट म्हटलं.

तो बाबांच्या पलंगाशी गुडघे टेकून बसला होता. तिला दारात बघून कानापर्यंत लाल झाला.

"मी प्रार्थना केली नाही," तो म्हणाला. "फक्त अडलेली ओळ सांगितली. गॅलरीत ऐकून पाठ झाली होती."

"मी कुठे काय म्हटलं?"

"आणि देव आहे असं मला अजूनही वाटत नाही."

"माहीत आहे."

"पण ही ओळ पुन्हा अडली तर… मी इथे असावं असं वाटतं. रोज. तुला चालेल?"

तो पहिल्यांदाच तिला तू म्हणाला होता.

"बाबांसाठी?" तिने विचारलं.

"त्यांच्यासाठीही. पण मुख्य म्हणजे… माझं प्रेम आहे तुझ्यावर."

ती जाऊन त्याच्याशेजारी जमिनीवर बसली आणि त्याचा हात हातात घेतला. बाबांनी तिच्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, त्या दोन हातांकडे बघितलं. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, आणि त्यांच्याकडे होते तेवढेच शब्द होते. म्हणून त्यांनी प्रार्थना पहिल्यापासून पुन्हा सुरू केली. तिने डोळे मिटले. शेवटची ओळ संपल्यावर उघडले, तर तो उघड्या डोळ्यांनी तिच्याकडेच बघत होता.