काचघरातलं ऑर्किड

नर्सरीच्या काचघरात वाऱ्याने एक काच फुटली, ती बसवायला मला बोलावलं होतं. शिडीवरून उतरताना माझा पाय एका कुंडीला लागला आणि रोपाचा शेंडा तुटून पडला.

मालकांची भाची तिथेच पाणी घालत होती. ती ओरडेल म्हणून मी नुसता उभा राहिलो. तिने तुकडा उचलला, ओल्या शेवाळावर आडवा ठेवला.

"जगेल. हे ऑर्किड असंच वाढतं. याला फार लाड लागत नाहीत."

ऑर्किड म्हटल्यावर मी फूल शोधू लागलो. दिसली ती पानं – काळपट, मखमलीसारखी, त्यांवर बारीक तांबड्या शिरा.

"हे पानांसाठी ठेवतात," ती म्हणाली. "की तुम्हाला फुलंच बघायची सवय आहे, काचवाले?"

माझे कान गरम झाले. तिचं नावही न विचारता निघालो.

दहा दिवसांनी दुसरी काच फुटली. फांदी पडली, म्हणाली. मग तिसरी. पक्षी आदळला, म्हणाली. दर वेळी मी पुट्टी लावायचो आणि ती शेवाळावरच्या तुकड्याला किती मुळं फुटली ते दाखवायची. अर्ध्या तासाचं काम मी दुपारभर पुरवायचो. मनातलं मात्र ओठांवर यायचं नाही.

तिसऱ्या वेळी तिचे मामा वैतागले. पुरे झाल्या काचा, उद्यापासून प्लास्टिकचा कागद लावतो, म्हणाले. म्हणजे माझं येणं संपलं. मी गुपचूप बाहेर जाऊन तुकडे वेचू लागलो... आणि हात थबकला. आधीच्या वेळी तिने झाडून ठेवलं होतं, या वेळी राहिलं होतं. सगळे तुकडे बाहेर पडले होते. पक्षी बाहेरून आदळला तर काच आत पडते.

आत गेलो. ती त्या ऑर्किडची पानं पुसत होती.

"ही काच आतून फुटली आहे."

"हो."

"दुसरी?"

"तीही. पहिली मात्र वाऱ्याने... शपथ."

मी खालीच बसलो. दहा वर्षं काचा बसवत होतो, पण कुणी माझ्यासाठी काच फोडेल हे डोक्यात शिरेना.

"हाताला लागलं असतं तर?" एवढंच सुचलं.

"फावड्याच्या दांड्याने फोडली. इतकी काही वेडी नाही मी." मग ती पहिल्यांदाच अडखळली. "पण उद्यापासून प्लास्टिक... आता मी काय फोडू?"

"काही फोडू नका. उद्या आईला घेऊन तुमच्या घरी येतो."

"कशाला?"

"मागणी घालायला."

तिच्या हातातलं फडकं गळून पडलं. बरं वाटलं – हादरलेला मी एकटाच नव्हतो.

एकतीस वर्षं संसार केला आम्ही. गेल्या वर्षी दवाखान्यात डॉक्टर ‘त्या गेल्या’ म्हणाले, ते मला अजून खरं वाटत नाही. त्या दुपारचं तरी कुठे वाटतं.