वळणावरचे पांढरे दगड

रतनबाई आली तेव्हा त्र्यंबकराव रिसबूड व्हरांड्यात दाढी करत होते आणि सोपानराव ढोरे त्यांना कालचं वर्तमानपत्र वाचून दाखवत होते. सोपानरावांचा सारा जन्म घाटातल्या गाड्यांवर गार्ड म्हणून गेलेला. निवृत्त झाल्यापासून रिसबुडांच्या मागे हिंडायचं आणि चुकीचा तर्क सर्वांत आधी करायचा, हा उद्योग त्यांनी मनापासून चालवला होता. रिसबुडांनी वकिली सोडून दिली होती, पण लोणावळ्यातल्या लोकांनी त्यांना सोडलं नव्हतं.

बाई पायरीवरच बसली.

"मालक माझा उतारूंची सर्व्हिस मोटार चालवतो. हौशीराम त्येचं नाव. परवा सांजच्याला पवन मावळाच्या उतारावर मोटार खाली गेली. कुनी मेलं न्हाई, पन एका म्हाताऱ्याचे दोनी पाय मोडलं. फौजदारानं मालकाला आत घातलाय. उद्या पुन्याच्या कोर्टात न्हेनार हाईत. परवाना तर जानारच, वर सजा."

"तो काय म्हणतो?"

"त्यो म्हनतो, समोरनं कडब्याची गाडी आली म्हून कडेला घेतलं, पन पांढऱ्या दगडांच्या आतच व्हतो." ती थांबली. "पंचांनी दुसऱ्या दिशी सकाळी बघितलं, तर चाकांच्या खुना दगडांच्या भाईर."

"आणि तुला काय वाटतं?"

रतनबाईने पदर तोंडाला लावला. 

दुपारी दोघे टांग्याने वळणावर पोचले. रस्त्याच्या दरीकडच्या कडेला चुना फासलेले दगड हारीने मांडलेले होते. त्यांच्या पलीकडे मुरमाचा पट्टा, त्यावर तिरकी बाहेर गेलेली चाकोरी, आणि पुढे कड ढासळलेली. खाली शेतात मोटार आडवी पडली होती.

"उघड आहे," सोपानराव म्हणाले. "गडी दगड ओलांडून गेला."

"एकालाही धक्का न लावता? बघा, एका दगडाला ओरखडा नाही."

"नशीब असतं एकेकाचं."

रिसबूड पुढे गेले. मुरमाच्या पट्ट्यावर, अगदी कडेशी, एक दगड एकटाच बसला होता. त्यावर हळदकुंकू, वाळलेलं फूल, पणती.

"डोंगरातल्या ठाकरांचा देव दिसतो," सोपानरावांनी निकाल दिला. "त्याला नको शिवायला."

रिसबूड खाली बसले. दगडाच्या बुडाशी बोट घासलं, तर बोट पांढरं झालं. आजूबाजूच्या मुरमावर चुन्याचे शिंतोडे होते. मग ते माघारी हारीपाशी आले. तिथल्या गवतावर मात्र एक थेंब नव्हता.

फौजदार रिसबुडांना मानायचे. फौजदारांनी निरोप धाडताच एकेक माणूस वळणावर येऊ लागला.

पहिले आले रस्ते बघणाऱ्या लोकल बोर्डाचे ओव्हरसियर बापट, सायकलवरून, कपाळाला आठ्या घालून. "हे वळण रुंद करायचं मंजूर झालंय. खालून दगडी बांध घालायचा, मग भराव. कंत्राट कोंडाजीला दिलंय. पुढल्या आठवड्यात मी काम बघायला येणार होतो." बोलता बोलता त्यांनी कुंकवाच्या दगडावर बूट टेकवून नाडी बांधली. सोपानरावांना ते मुळीच आवडलं नाही.

मग दत्तोबा. याच रस्त्यावर त्याची दुसरी मोटार चालायची. "हौशीरामाचा परवाना गेला तर मला बरंच हाय, खोटं कशाला बोलू? पन त्यो दारूला शिवत न्हाई." उन्हातून चालत आल्याने तो दमला होता. त्याच दगडावर बसला, विडी ओढली आणि गेला.

सोपानराव कुजबुजले, "हाच! स्वतःच कबूल करतोय की फायदा आहे म्हणून."

कंत्राटदार कोंडाजी आला तो हात जोडूनच. वहाणा रस्त्यावर काढून मुरमावर उतरला आणि दगडाला वळसा घालून कडेला गेला. "काम अजून सुरूच न्हाई केलं, साहेब. ह्यो मुरूम नुसता आनून टाकलाय. रस्ता पांढऱ्या दगडांपातुर. ते हितंच हाईत पहिल्यापास्नं. त्यानं भाईर कशाला जायचं?"

बोलणं सरळ होतं. सोपानरावांना माणूस आवडला.

शेवटी वरच्या वाडीतून सावित्राबाई आली. तिची लेक चिंगी मोटारीत होती.

"पोर उडून पडली ती ह्या दगडाला अडकली, न्हाईतर खालीच गेली असती," ती म्हणाली. "मी वाडीतनं पळत आले. दगडानं माझी पोर धरली, म्हून तवाच हळदकुंकू व्हायलं, दिवा लावला."

"दगड तुम्ही इथं आणून ठेवलात का, मावशी?"

"देवाला कोन हलवतं? जितं व्हता तितंच हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी हौशीरामाला पुण्याच्या गाडीत बसवण्याआधी फौजदारांनी त्याला वळणावर आणलं. बेड्या होत्या. बापट, दत्तोबा, कोंडाजी उभे होते. रतनबाई लांब थांबली होती.

"हौशीराम खरं बोलतोय," रिसबूड म्हणाले. "दगड त्या संध्याकाळी इथं, मुरमाच्या कडेला होते. चुन्याचे शिंतोडे इथं आहेत, हारीखाली नाहीत. म्हणजे चुना इथं लावला. रस्ता रुंद झाल्याचं दिसावं म्हणून दगड बाहेर सरकवले, पण खाली बांध नव्हता. दगडांवर विश्वास ठेवून चाक मुरमावर आलं आणि मुरूम ढासळला. मग पंचनाम्याआधी कुणीतरी दगड माघारी नेऊन ठेवले. हार अगदी नीट लागली. इतकी नीट, की त्यातून तिरकी बाहेर गेलेली मोटार एकाही दगडाला शिवली नाही."

"पण हा एक राहिला," फौजदार म्हणाले.

"राहिला नाही, ठेवला. दगड हलवणाऱ्याला वाटलं, कुंकू आहे, लोक देव समजतील. तसंच झालं. आमचे सोपानरावसुद्धा समजले."

सोपानरावांनी टोपी सारखी केली.

"पण मुळात तो दगड हलवायची त्याची छाती का झाली नाही? बापटसाहेबांनी याच्यावर बूट टेकवला, दत्तोबा याच्यावर बसून विडी ओढून गेला. या दोघांनी तो खुशाल उचलून हारीत बसवला असता. कुंकू पुसायला कितीसा वेळ? एकच माणूस वहाणा काढून, याला वळसा घालून गेला. आणि काम झाल्याचं दाखवून बिल काढायचं, तेही त्यालाच."

कोंडाजी हसला. "देवाला मान दिला म्हून गुन्हेगार झालो व्हय?"

"मुळीच नाही. तुम्ही म्हणता, दगड पहिल्यापासून हारीत आहेत. मग हा हारीतला निसटलेला दिसतो. उचला आणि बसवा तिकडे. मग माझं सगळं खोटं ठरेल."

कोंडाजी पुढे झाला. वाकला. दोन्ही हात दगडापर्यंत गेले आणि तिथेच थांबले.  वाडीची माणसं वर उभी राहून बघत होती, आणि सावित्राबाई लेकीचा हात धरून होती.

"न्हाई," तो म्हणाला. "ह्येला न्हाई हात लावनार मी."

"आणि बाकीच्यांना?"

 कोंडाजी मुरमावरच खाली बसला.

"बांध पुढं घालनारच व्हतो, साहेब. बापटसाहेब एकदा बघून गेलं की घालनार व्हतो. मोटार पडली, आन् माझी गाळन उडाली. एकट्यानं उचललं समदं. ह्याच्यापाशी आलो तर दिवा जळत व्हता."

फौजदारांनी हौशीरामाच्या बेड्या काढल्या. दत्तोबाने त्याला विडी दिली. बापट गुडघे टेकून मुरूम हाताने उकरून बघत होते आणि कुणाकडे मान वर करत नव्हते.

परतताना सोपानराव म्हणाले, "बाई खूश व्हायला हवी होती. ती अजून तिथेच उभी आहे."

रतनबाई नवऱ्यापासून चार हात दूर होती. रिसबूड जवळ आले तशी हळूच म्हणाली, "आबा, त्यो पहिल्या दिसापास्नं म्हनत व्हता, मी आतच व्हतो म्हून. पंचांचं सोडा. म्याबी त्याला म्हनलं व्हतं, खरं सांग."

 हौशीरामाने ते ऐकलं होतं. तो आला, मनगटं चोळत तिच्याशेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "चल. म्हाताऱ्याला बघून येऊ आदी."