बाहेर बघणारा डोळा

दुपारी एक ते अडीच ही वेळ माझी. माझी लेक प्रियू झोपलेली असते, आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, हॉलमध्ये पंख्याखाली आडव्या होतात आणि जुळे सोलापुरातल्या आमच्या गल्लीत उन्हाला भिऊन भाजीवालासुद्धा ओरडत नाही. या दीड तासात कुणी शिवण घेईल, कुणी मोबाइल. मी हत्यारं पुसते.

हत्यारं मामांची. माझे सासरे नागनाथमामा सांगोल्याकडे डाळिंबाच्या बागांत छाटणीला जायचे, चांगली चाळीस वर्षं. त्यांचा पत्र्याचा डबा अजून मागच्या व्हरांड्यात आहे, झाकणाला सायकलच्या ट्यूबचा पट्टा. आत छाटणीची हातकात्री आहे, तिला डाळिंबवाले सिकेटर म्हणतात. शिवाय एक घडीची करवत, खुरपं, धारेचा दगड आणि करडईच्या तेलात भिजून पिवळी पडलेली एक जुनी बनियन. काम झालं की पात्यावरचा काळपट रस पुसायचा, दगडावरून एकाच अंगानं ओढायचं, तेलाचं बोट फिरवायचं आणि सिकेटर मिटून कडी लावायची. कडी सुटली की आतली स्प्रिंग पाती उघडते, खट् असा आवाज होतो.

"हत्याराला ओलं निजवायचं न्हाय," मामा म्हणायचे. "लेकराला निजवतो व्हय ओलं?"

छाटणी त्यांनीच मला शिकवली. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायची, प्रियू झाल्यापासून घरी आहे. फांदीवर नवा कोंब जिथून फुटतो त्या बारक्या फुगवट्याला पुस्तकात मुकुल म्हणतात. मामा डोळा म्हणायचे. मी लग्न होऊन आले तोवर साखरेनं त्यांची स्वतःची नजर नेली होती. अंगणातल्या डाळिंबाची फांदी ते बोटांनी चाचपत जायचे. डोळा सापडला की त्याच्या वर एक बोट आडवं, जरा तिरकं ठेवायचे, जिभेनं टक् करायचे आणि बोटाच्या वरच्या कडेनं कापायचे. एकदाही चुकल्याचं मला आठवत नाही.

"मामा, दिसत नसताना कसं जमतं हो?"

"मला न्हाईत म्हणून काय झालं? ह्याला किती हायत बघ की!"

आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसायचे. भूतबित, देवदेवस्की यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. सकाळी बुद्धवंदना आणि संध्याकाळी रेडिओवरच्या बातम्या, दोन्ही न चुकता. मला दिवस गेले तेव्हा त्यांनी परस्पर ठरवून टाकलं की नातच होणार आणि तिचं नाव बुद्धप्रिया. "डोळ्यानं काय मी तिला बघनार न्हाय," म्हणाले. "पर हातानं बघीन."

मला सातवा संपत आला होता तेव्हा ते गेले. हातानं बघायचं राहून गेलं.

प्रियूचा उजवा डोळा तिरळा नाही, लाल नाही, आईच्या नजरेला तर दोन्ही सारखेच देखणे. फक्त तो बघत नव्हता. जानेवारीत डॉक्टरांनी सांगितलं, डोळा चांगला आहे पण आळशी आहे. मेंदू डाव्यावरच भागवतोय. रोज दोन तास डाव्यावर पट्टी चिकटवा, म्हणजे उजव्याला काम करावं लागेल. "तीन महिन्यांत थोडा तरी फरक दिसायला हवा," ते म्हणाले. "मेंदूनं एकदा त्या डोळ्याचा नाद सोडला तर..."

पट्टी लावली की माझी पोर ठेवल्या जागी बसून राहायची. रडायची नाही, खेळायची नाही. समोर खुळखुळा धरला तरी तोंड भिंतीकडे. ते दोन तास मी तिच्याशेजारी बसून बडबडगीतं म्हणायची आणि आवाज रडवेला होऊ द्यायची नाही.

त्याच आठवड्यात मी डाळिंब छाटलं. मामा गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. काटेरी फांद्या पत्र्यावर खरखरायच्या, वाळत घातलेली दुपटी फाटायची. मामांचा नियम तोंडपाठ होता. आत बघणारा डोळा काढायचा, बाहेर बघणारा ठेवायचा, म्हणजे झाडाच्या पोटात उजेड खेळतो. प्रियूच्या खिडकीसमोरची फांदी शेवटी घेतली. डोळा चाचपला, बोट ठेवलं, कापलं. तेवढ्यात आतून ती रडली आणि सिकेटर तसाच कट्ट्यावर टाकून मी धावले.

आठवण झाली ती दुसऱ्या दिवशी. कट्टा रिकामा होता. सिकेटर डब्यात होता, पुसलेला, तेल लावलेला, कडी घातलेली.

"आत्या, बरं झालं पुसून ठेवलात."

"काय गं?"

"सिकेटर."

"मी कशाला पुसू? माजी बोटं वळत्यात व्हय आता? तूच पुसला असशील, इसरलीस. पोर झाल्यावर डोस्कं असंच हुतंय."

खरंच होतं ते. परवाच मी दुधाचं पातेलं फ्रिजऐवजी कपाटात ठेवलं होतं.

आत्यांनी झाडावर नजर फिरवली. "खिडकीकडची बी कापलीस?"

"हो. बाहेर बघणारा डोळा ठेवून."

"कुणाच्या भायेर?"

मला कळेना. आत्यांनी हवेतच हात बुंध्याकडून खिडकीकडे नेला. झाडाचं जे बाहेर, ते तिथं आमचं आत.

"तेवढी एक फांदी उलटी कापायचे ते. म्हनायचे, हितला डोळा ठेवला तर घरात बघत बसंल." आत्या पदर तोंडाला लावून हसल्या. "मी म्हनायची, बघू द्या की. काय चोरून नेतंय?"

चौथ्या दिवशी कोंब आला. डाळिंबाचा असतो तसाच, तांबूस, तेलकट चकाकीचा. बाकीच्या कापांवर अजून नुसते फुगवटे होते. हा मात्र रोज दोन बोटं वाढत होता. मी खिडकीच्या चौकटीवर पेन्सिलीनं खुणा करत होते, म्हणून सांगते. कोंब उजेडाकडे जातो हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढून दाखवलंय. हा उजेडाकडे पाठ करून घराच्या सावलीत शिरत होता. आणि त्याला काटा नव्हता.

फेब्रुवारी सरता सरता तो गजांतून आत आला.

"खिडकी लागत नाही, शुभा," माझा नवरा संघपाल म्हणाला. "डास येतात पोरीला. कापून टाक की."

"रविवारी कापते."

त्या रविवारी मी कापला नाही, कारण शनिवारी मी एक गोष्ट बघितली होती. प्रियूला पट्टी लावलेली होती. वीज गेल्यामुळे पंखा बंद, बाहेर पान हलत नव्हतं. ती भिंतीकडे बघत नव्हती. तिचा उजवा डोळा कोंबाच्या शेंड्यावर होता. तो हळूच डावीकडे गेला, मग उजवीकडे. ती खुदकन हसली.

मी तिथंच फरशीवर बसले. माझी लेक बघत होती! आनंदानं छाती भरून आली होती, त्यामुळे दुसरी गोष्ट ध्यानात यायला वेळ लागला. शेंडाही हलत होता. पण आधी डोळा हलायचा, मग पानं.

मार्चमध्ये डॉक्टरांनी दोनदोनदा तपासलं. "काय केलंत ओ?"

"काही नाही. पट्टी."

"मग जे चाललंय तेच चालू द्या. काही म्हणजे काही बदलू नका."

रिक्षातून येताना मी तिचे इतके मुके घेतले की ती वैतागली.

आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी मी तिला उठवायला गेले, तर कोंबाचा शेंडा पाळण्यात उतरला होता. तिच्या गालावर टेकला होता. शेंड्याची दोन पानं तिच्या मिटलेल्या उजव्या पापणीवर ठेवलेली होती. पडलेली नव्हे, ठेवलेली. ताप बघायला आपण हात ठेवतो तशी.

दुपारी मी डबा उघडला. सिकेटर हातात घेतला. तेल ताजं होतं, मी लावलेलं नव्हतं.

प्रियू पट्टी लावून पाळण्यात बसली होती. तिच्याकडे पाठ करून मी खिडकीशी गेले. कोंब गजाशी धरला. डोळा चाचपला, बोट ठेवलं.

टक्.

मी केलं नव्हतं. आवाज मागून आला होता.

वळून पाहिलं. प्रियू मान एका बाजूला झुकवून बसली होती, लांबचं ऐकू यावं तशी. दीड वर्षाची आहे ती. मामांना तिनं कधी पाहिलेलं नाही.

मी पाती कोंबाला लावली.

तिचा उजवा डोळा मिटला.

पाती काढली.

डोळा उघडला. आणि जन्मल्यापासून पहिल्यांदा त्या डोळ्यानं तिनं सरळ माझ्याकडे बघितलं. ओळखीचं बघितलं.

मी कडी लावली. सिकेटर डब्यात ठेवला.

संघपालला सांगितलं, फांदी राहू दे, तिचं लक्ष रमतं. तो शहाणा आहे, जाळी कापून फांदीभोवती बसवून दिली. आत्यांनी पाळण्यात डोकावून बराच वेळ बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "न्हाय ऐकलंत तर. आलातच बघाया." मला तर त्या अगं-तुगं करतात. मी "काय?" विचारलं, तर पदर सावरून चहा टाकायला गेल्या.

आता एप्रिल आहे. दोन्ही डोळे जवळजवळ सारखे झालेत, काल डॉक्टरांनी पट्टी बंद केली. हत्यारं पुसायला मी अजून दुपारी बसते, पण पुसायचं काही उरलेलं नसतं. नुसती बनियन हातात घेते. ती नेहमी ताज्या तेलानं ओली असते.

आज प्रियू लवकर उठली. माझ्या मांडीवर येऊन बसली आणि तिनं दोन्ही हात माझ्या तोंडावर ठेवले. आधी कपाळ, मग नाक, गाल, ओठ. पोरं ओरबाडतात, तसं नव्हे. सावकाश, मागंपुढं. मला रडू आलं. हातानं बघायचं राहिलं होतं ना, मग बघून घ्या मामा, असं मनात म्हणून मी डोळे मिटले आणि बसून राहिले. किती माया होती त्या बोटांत.

बोटं फिरत फिरत माझ्या डाव्या डोळ्यावर आली. पापणीवरून दोनदा गेली, चाचपल्यासारखी. मग थांबली, आणि डोळ्याच्या वर एक बोट आडवं टेकलं. जरा तिरकं. त्याला करडईच्या तेलाचा वास होता.

प्रियूनं जिभेनं टक् केलं.

मागच्या व्हरांड्यात, बंद डब्यात, खट् करून कडी सुटली.