बटाट्यांची पर्स

प्रेम ही माणसाने आयुष्यात घेतलेली सर्वांत मोठी जोखीम होय, असं थोर विचारवंत सांगत आले आहेत. हे त्यांनी बहुधा घरात, पंख्याखाली, जेवण झाल्यावर सांगितलं असावं. कारण भर दुपारी समुद्रकिनाऱ्यावर आपली पर्स वाळूत ठेवून लांब जाऊन बसलेल्या माणसाला त्याहून मोठ्या जोखमी दिसत असतात. त्यातली पहिली म्हणजे डोक्यावरचा नारळ.

ती एका उलट्या टाकलेल्या होडीमागे उकिडवी बसली होती. समोर समुद्र पसरला होता, कोणीतरी पर्यटकांसाठी खास रंगवून घेतल्यासारखा निळा. वारा तिच्या कानाशी येऊन काहीतरी सांगत होता, पण तिचं लक्ष नव्हतं. तिची नजर माडाखाली एकट्या पडलेल्या त्या लाल पर्सवर खिळली होती.

"काय बघताय?" मागून आवाज आला.

"पर्स," ती मान न वळवता म्हणाली.

"ती मलाही दिसतेय. वाट कोणाची बघताय?"

"चोराची. जरा हळू बोला, पळून जाईल."

"तो काही पळत नाहीये," आवाज म्हणाला. "तो होडीमागे उकिडवा बसलाय. उठा."

तिने वळून पाहिलं. आकाशी शर्ट, खांद्यावर पट्ट्या, उन्हाने रापलेला चेहरा, आणि आत्ताच दुपारच्या झोपेतून उठल्यासारखे डोळे... पण ते झोपेत नव्हते. ते तिच्याकडेच बघत होते. किनाऱ्यावरच्या पर्यटक मदत चौकीचा हा पोलीस.

"ती पर्स माझीच आहे," ती म्हणाली.

"सगळे तेच म्हणतात."

"मग विचारा ना, आत काय आहे ते."

"काय आहे?"

ती जराशी अडखळली. "बटाटे."

तो गेला, पर्स घेऊन आला, चेन उघडली. आत बटाटे होते. त्याने बटाट्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा बटाट्यांकडे, दोघांत काही नातं लागतंय का ते तपासावं तसं.

"समुद्रावर... पर्समध्ये... बटाटे," तो एकेक शब्द जपून ठेवत म्हणाला.

"वजन नको का? हलकी पर्स चोर उचलून बघतो आणि टाकून देतो."

"आणि बटाट्यांची?"

"ती नेतो. मग खरी चोरी मोजता येते."

प्रकरण असं होतं. ती एका सहल कंपनीत कामाला होती. कंपनीने पर्यटकांचे गट कुठे पाठवायचे, हे ठरण्याआधी ती तिथे जाऊन राहायची. खिसे किती कापले जातात, भाड्याच्या स्कूटरवर जुना ओरखडा नवा म्हणून कसा दाखवतात, परक्याने पुढे केलेलं सरबत प्यावं की नाही, अंधार पडल्यावर कुठल्या वाटेने जाऊ नये, हे सगळं पाहून ती त्या जागेला एक रंग द्यायची. हिरवा, पिवळा किंवा लाल. ऑफिसात तिला जोखीमताई म्हणत. आईने आणलेली स्थळंही तिने याच तीन रंगांत वाटून परत पाठवली होती. हिरवं अजून एकही निघालं नव्हतं.

सगळं ऐकून तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही चोर यावा म्हणून बसता, आणि मी तो येऊ नये म्हणून फिरतो. आपलं जमणं कठीण आहे."

"जमायचं काय आहे त्यात?" ती म्हणाली.

आणि उगाचच तिने केस कानामागे घेतले.

त्यानंतर ती रोज पर्स ठेवायची. कधी दगडी कट्ट्यावर, कधी आंघोळीच्या नळांपाशी, कधी रिकाम्या खुर्चीवर. आणि रोज कुठूनतरी तो आकाशी शर्ट उगवायचा, पर्स उचलायचा, वाळू झटकायचा आणि सरळ होडीमागे येऊन तिच्या हातात द्यायचा.

"अहो, तुमच्यामुळे माझी चाचणी फुकट जातेय."

"तुमच्यामुळे माझी झोप जातेय," तो म्हणायचा. मग घाईघाईने, "...म्हणजे दुपारची."

एकदा पर्स उघडली तर आत एक कांदा जास्तीचा.

"हा कोणी ठेवला?"

"एकटे बटाटे किती दिवस राहणार? कोंब यायला लागलेत त्यांना."

तिथे पाऊसही नेमाने यायचा, दुपार कलली की. आधी समुद्राचा रंग उतरायचा, मग माडांची सळसळ, आणि मग एकदम सगळा किनारा धूसर, मऊ, कुणीतरी श्वास टाकून पुसल्यासारखा. दोघं चौकीच्या पत्र्याखाली पळायचे. तो चहा करायचा. पत्र्यावर पाऊस इतका वाजायचा की बोलायचं तर जवळ वाकावं लागे. चौकीला बसवलेल्या त्या पत्र्याचे दोघांनीही मनातल्या मनात आभार मानले. आवाज न होणारं छप्पर घालायला किनाऱ्यावरचे लोक तयार होते, असं तो एकदा म्हणाला. त्याने नको म्हणून सांगितलं होतं.

आईचा फोन यायचाच. "दाराला आतून कडी लावतेस ना?"

"लावते."

"पाण्याची बाटली कोणाच्या हाती देत नाहीस ना?"

"नाही."

"माणसं कशी आहेत तिकडची?"

"ठीक आहेत." मग जरा थांबून, "एक जण जरा जास्तच ठीक आहे."

पलीकडे टीव्हीचा आवाज एकदम बंद झाला. मग आई म्हणाली, "कडी नीट लाव."

आणि मग साहेबांचा फोन आला. साहेब म्हणजे तिच्या कंपनीचे मालक. त्यांच्यापुढे कागद होते, आणि कागदांप्रमाणे त्या अख्ख्या किनारपट्टीत सगळ्यात जास्त चोऱ्यांच्या तक्रारी ह्याच किनाऱ्यावर होत्या. खाडीपलीकडच्या किनाऱ्यावर एकही नव्हती.

"लाल करून टाक," साहेब म्हणाले. "गट पलीकडे नेऊ."

त्या दिवशी चहा घेताना तिने सहज विचारावं तसं विचारलं, "आमचे गट इथे आले नाहीत तर काय होईल?"

"हॉटेलं ओस पडतील. चौकी बंद होईल." त्याने कपात पाहिलं. "मला वर डोंगरात पाठवतील. डोंगर चांगलाच असतो. पण मला समुद्राकडे बघायची सवय लागलीये... आणि आता होडीकडेही."

पाऊस वाजत राहिला. तिचा चहा हातातच राहिला.

"हे तुम्ही मला सांगायला नको होतं."

"तुम्ही विचारलंत."

"हो. आता मी तुमच्या बाजूने लिहिलं तर ते खोटं, आणि विरुद्ध लिहिलं तर..." ती उठली. "उद्यापासून तुम्ही पर्सला हात लावायचा नाही. आणि चहा नको."

"बरं," तो म्हणाला. एवढंच. पण कप विसळायला त्याने पुष्कळच वेळ लावला.

दुसऱ्या दिवशी ती खाडीपलीकडे गेली. पर्स एका खुर्चीवर ठेवली आणि आडोसा शोधायला वळली. आडोसा मिळायच्या आत पर्स गेली. तिथल्या चौकीत एक गृहस्थ टेबलपंख्यापुढे मान फिरवत बसले होते.

"चोरी लिहायची आहे," ती म्हणाली.

"आमच्याकडे चोऱ्या होत नाहीत, ताई."

"माझी आत्ताच झाली."

"हरवली असेल. फिरायला आलात ना? मजा करा."

परत येताना होडीत ती गप्प बसून होती. पाण्यावर ऊन तुकड्यातुकड्यांनी तरंगत होतं. तिच्या डोक्यात काहीतरी हळूहळू जागेवर बसत होतं, पण त्याला एक शेवटचा धक्का हवा होता.

तिने आपल्या किनाऱ्यावर दुसरी पर्स ठेवली, ताज्या बटाट्यांची. होडीमागे बसली. तो चौकीच्या दारात उभा होता, शब्द दिल्याप्रमाणे पर्सकडे पाठ करून, हात मागे बांधून, समुद्राकडे तोंड. वाऱ्याने त्याचा शर्ट पाठीवर फुगत होता, बसत होता... पुन्हा फुगत होता. कॉलर एका बाजूने दुमडली होती. कोणीतरी ती सरळ करायला हवी, असं तिच्या मनात आलं, आणि ते बराच वेळ मनात राहिलं.

भानावर येऊन तिने माडाखाली पाहिलं. वाळूत फक्त पर्सचा खळगा होता.

ती चौकीत गेली. त्याने खुर्ची पुढे सरकवली.

"काय गेलं?"

"पर्स."

"आत काय होतं?"

"तुम्हाला माहीत आहे."

"तुम्ही सांगायचं असतं."

"बटाटे."

त्याने लिहिलं. "चोर कसा दिसत होता?"

"नाही पाहिला."

"तुम्ही तर टक लावून बसला होतात."

"होते ना."

"मग?"

"...तिकडे नव्हते बघत."

त्याचं पेन थांबलं. तिने खिडकीबाहेरच्या एका माडाचं बारकाईने निरीक्षण सुरू केलं. त्याचे कान मात्र तिला दिसतच होते, आणि त्यांचा रंग तिच्या तीन रंगांपैकी शेवटचा होता.

"नाही लिहिलं तरी चालेल," ती हळूच म्हणाली. "बटाटेच होते. उगाच आणखी एक तक्रार वाढेल तुमच्या किनाऱ्याच्या नावावर."

"वाढेल," तो म्हणाला. "पण गेली ती गेलीच ना? ज्याचं जातं त्याला कोणीतरी विचारायला हवं." आणि त्याने ओळ पूर्ण केली, सावकाश, चांगल्या अक्षरात, स्वतःच्याच बदलीचा हुकूम लिहावा तशी.

खोलीवर जाऊन तिने साहेबांना फोन लावला.

"हा किनारा पिवळा, साहेब. सामान सांभाळा, एवढंच. पलीकडचा लाल."

"जिथे चोऱ्याच नाहीत, तो लाल?"

"तिथे चोऱ्या आहेत, लिहून घेणारा नाही. इथे लिहून घेतात, म्हणून कागदावर जास्त दिसतात."

साहेब मुरलेले होते. "तू तिथे कोणाच्या प्रेमात-बिमात तर नाहीस ना?"

"आहे," ती म्हणाली. म्हटल्यावर तिलाच खोली एकदम मोठी, हवेशीर वाटू लागली. "म्हणूनच माझ्या शब्दावर जाऊ नका. पलीकडे दुसरं कोणीतरी जाऊन बघू दे. रंग नंतर द्या."

काटकसरी असल्यामुळे साहेब स्वतःच आले. पलीकडच्या किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात उतरले आणि परत आले तेव्हा त्यांच्या चपला नव्हत्या. टेबलपंख्यापुढच्या गृहस्थांनी त्यांना मजा करायला सांगितलं. साहेब तापलेल्या वाळूतून उड्या मारत होडीत चढले आणि तिथूनच फोनवर म्हणाले, "पिवळा. आणि तो दुसरा लाल. गडद लाल."

संध्याकाळी ती चौकीशी गेली. पाऊस नुकताच थांबला होता. सगळा किनारा ओला, सोनेरी, आणि पाण्याची कड पुन्हा पुन्हा त्यांच्या पावलांपर्यंत येऊन, काहीतरी विचारून, परत जात होती.

"उद्या जाणार?" त्याने विचारलं.

"उद्या. पण परत येईन."

"तपासणीला?"

"तपासणीला आता दुसरं कोणीतरी येईल. मी सांगून टाकलंय की माझी नजर इथे कामाची राहिलेली नाही." ती ओल्या वाळूत अंगठ्याने रेघ ओढत होती. "मी नुसती येईन. चालेल?"

त्याने तिची रेघ बुटाच्या टोकाने जराशी पुढे नेली.

"माझ्याकडे बघून... रंग कुठला दिला होता?"

"पहिल्याच दिवशी लाल."

"आणि तरीही?"

"तरीही," ती म्हणाली, आणि हात पुढे करून त्याची दुमडलेली कॉलर सरळ केली. हात मग तिथेच राहिला. त्याने तो काढू दिला नाही. वारा पडला होता, समुद्र सुद्धा जरा दबकत वाजत होता, आणि आकाशात रंगांची अशी काही उधळण चालली होती की तिच्या कुठल्याच तक्त्यात ती बसली नसती.

"अहो पोलीसदादा," टोपी घातलेले एक काका मागून म्हणाले. "आम्हा दोघांचा एक फोटो काढता का?"

त्याने काकांचा फोन घेतला. काका आणि काकू समुद्राकडे पाठ करून, पोटं आत घेऊन उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले.

"जरा हात स्थिर धराल का?" काका म्हणाले. "हिला श्वास घ्यायचाय."