नव्वद टक्के पाणी

"नव्वद टक्के! गेल्या रविवारी नव्वद, त्याच्या आधीच्या रविवारी नव्वद, आणि आजही नव्वद!" हेमाने रिकामी कळशी पायरीवर आदळली. "मधु, हे नळाचं काम पुढे सरकणार तरी कधी?"

"नव्वदच्या पुढे शंभर येतात, एवढं मला माहीत आहे," शेजारचा मधु म्हणाला. "उत्तमकाकांना मध्ये आणखी बरेच आकडे सापडलेले दिसतात!"

हेमा हसली नाही. मे महिन्याची सुट्टी होती, पण ठाण्याजवळच्या दिवा गावातल्या कलावती चाळीत सुट्टी म्हणजे पाण्याच्या खेपा. रेल्वे फाटकापलीकडच्या नळावर सकाळपासून तिच्या तीन खेपा झाल्या होत्या. आईला सातवा महिना होता. "आता हंडा उचलायचा नाही, बाळाला धोका आहे," असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पण हेमाची पाठ वळली की आई हळूच बादली घेऊन निघायची. आज ती रुळांच्या कडेला मटकन खाली बसली होती, आणि तिचा पांढराफटक चेहरा हेमाच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

ती तरातरा चाळीच्या फळ्याकडे गेली. पाणी समितीचे अध्यक्ष उत्तमकाका ठाण्याच्या एका कचेरीत कामाला होते. फळ्यावरचा तक्ता त्यांनी स्वतःच्या हाताने आखला होता. चर खणणे, पाइप टाकणे, टाकी बांधणे, तोट्या बसवणे. प्रत्येक कामापुढे हिरवी पट्टी! फक्त शेवटचं 'उद्घाटन' कोरं होतं.

"काका, टाकीला पाणी जोडून पंधरा दिवस झाले. मग टाकी भरत का नाही?"

"पाहुण्यांची तारीख मिळू दे! त्याआधी थेंब सोडायचा नाही."

"पण पाणी तोटीपर्यंत येतं का, ते कोणी पाहिलं?"

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "तक्त्यात तसा मुद्दा नाही, बाळ."

मोठ्या माणसांना उलट बोलू नये, असं बाबांनी शिकवलं होतं. ती तशीच माघारी वळली.

"आपणच बघायचं!" तिने मधु आणि नाथाला सांगितलं.

"पाण्याशिवाय?" मधुने विचारलं.

नाथा खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. होडीवरून होडीवर हाका मारण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नसे. "पाइप पोकळ हाय ना? मग बोंब मारून बघू!"

मधु शिडीवरून रिकाम्या टाकीत उतरला आणि पाइपाच्या तोंडाशी ओरडला, "उत्तमकाका, ओ उत्तमकाका!" नाथाने पहिली तोटी उघडून तिला कान लावला. "आला आवाज!" दुसऱ्या तोटीलाही आला. तिसरी तोटी हेमाच्या दाराशीच होती. तिने कान लावला. काहीच नाही! चौथीलाही नाही.

"घसा बसला माझा! आता तरी बाहेर येऊ?" मधु आतून किंचाळला.

दुसऱ्या आणि तिसऱ्या तोटीच्या मध्ये काय होतं? उद्घाटनाचा ओटा! त्यावर संगमरवरी पाटी, पाटीवर उत्तमकाकांचं नाव. ओट्याच्या दोन्ही बाजूंची माती नाथाने भराभर उकरली. इकडे पाइपाचं उघडं तोंड, तिकडेही पाइपाचं उघडं तोंड, आणि मध्ये आठ फूट काहीच नाही!

मुलांनी सीताराम प्लंबरला गाठलं.

"मला सांगितलं, चर असेल तिथे पाइप टाक. टाकला!" तो म्हणाला. "खणणारे आले तेव्हा ओटा आधीच उभा होता. त्यांनी अलीकडे खणलं, पलीकडे खणलं."

"आणि तुम्ही कोणाला बोलला नाहीत?"

"माझी पट्टी हिरवी झाली होती ना, पोरी!"

हेमाला रडू येईल असं वाटलं, पण आला तो संतापच. प्रत्येकाचं काम पूर्ण, आणि आई मात्र रुळांपाशी!

दुसऱ्या दिवशी सकाळी मधु गोड आवाजात म्हणाला, "काका, पाहुण्यांसमोर गडबड नको. उद्घाटनाची रंगीत तालीम करू या ना!"

काकांनी टोपीसुद्धा घातली. बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. मुलांनी काकांना तिसऱ्या तोटीपाशी नेलं; टाकी रिकामी असली तरी त्यांनी घसा खाकरून तोटी फिरवली.

पाण्याऐवजी आतून आवाज आला, "काका! मी तुमच्या ओट्याखालून बोलतोय! इथे पाइपच नाय!"

बायका दचकल्या. ओट्यामागे पाइपाला तोंड लावून बसलेला नाथा दिसताच सगळ्यांना खड्डाही दिसला. काकांचा चेहरा उतरला. "पण... तक्त्याप्रमाणे..."

"तक्ता पिता येत नाही, काका!" हेमा म्हणाली. "नव्वद टक्के काम झालंय ना? मग आम्हाला नव्वद टक्के पाणी द्या! दोन तोट्यांना पंधरा दिवसांपूर्वीच पाणी देता आलं असतं. पाहुण्यांसाठी तुम्ही ते अडवलंत, आणि माझी आई रोज फाटक ओलांडते!"

मग नाथाची आजी, आवडाबाई, मासळीची टोपली खाली ठेवून म्हणाली, "पोर खरं बोलतंय. उत्तमा, आधी टाकी भर!"

सीतारामने खड्ड्यातल्या पाइपाच्या तोंडाला बूच मारलं, टाकी भरली, आणि दुपारपर्यंत पहिल्या दोन तोट्या धो धो वाहू लागल्या. तक्ता उतरला. त्याच्या जागी हेमाने वहीची पानं फाडून टाचली, एका पानावर एकच लहान काम. ओट्याला वळसा घालून चर. आठ फुटांऐवजी चौदा फूट पाइप. जोड. मग तिसरी तोटी, मग चौथी. हंड्यात पाणी पडल्याशिवाय पान काढायचं नाही!

रोज संध्याकाळी सगळे उभ्याउभ्याच दहा मिनिटं जमत.

"आज काय झालं? कुठे अडलं?" हेमा विचारी.

"बसायला सतरंजी तरी घाला," काका कुरकुरले.

"बसलात की भाषण सुरू होतं!" मधु म्हणाला.

अडलं तर अडलं म्हणायला आता सीतारामही लाजेना. दुसऱ्या दिवशी जोड गळला, तो त्याने स्वतःच सांगितला. चौथ्या दिवशी दुपारी तिसऱ्या तोटीतून आधी चिखल, मग फुसफुस वारा, आणि मग नितळ पाणी आलं! हेमाने तोटीखाली हंडा भरला, पान काढलं आणि तोटीला नळी लावून घरातलं पिंप भरायला घेतलं.

थोड्या वेळाने उत्तमकाका हार घेऊन आले. मागे आवडाबाई, सीताराम आणि अर्धी चाळ. "या मुलांनी आम्हाला काम कसं करायचं ते..." काकांनी भाषणाचा सूर लावला.

हेमा दारात आडवी उभी राहिली.

"हळू बोला! आई झोपलीय."

काकांनी हार मुकाट्याने तिच्या हातात दिला. "चुकलं आमचं. शाबास, पोरी," ते कुजबुजले. मागची अर्धी चाळही कुजबुजली, "शाबास!" आणि सगळे चपला हातात घेऊन, पावलांचा आवाज न करता परत गेले.